मेन्यूतलं काय पुसता येतं, काय येत नाही

वाचकांचे प्रश्न, कॅमेऱ्यामागून उत्तरं

या महिन्यात एकाच कॅमेऱ्याबद्दल इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून ही पानं त्यालाच दिली आहेत. ब्लॅकमॅजिकचा पॉकेट सिनेमा कॅमेरा ४के. २०१८ साली तो आला आणि सिनेमासारखं चित्र लहान युनिटच्या आवाक्यात आलं. आता तो सेकंडहँड मिळतो आणि लग्नाच्या शूटिंगवाल्यांपासून कॉलेजच्या मुलांपर्यंत कितीतरी जणांच्या हातात दिसतो.

मी फिल्मच्या काळात असिस्टंट म्हणून लागले. काळ्या पिशवीत हात घालून, नुसत्या बोटांच्या अंदाजाने ३५ मिमीचा ४०० फुटांचा रोल मॅगझिनमध्ये भरायचा. २४ फ्रेमच्या वेगाने तो साडेचार मिनिटांच्या आत संपायचा. एकदा रोल आत गेला की त्याचा स्पीड ठरून गेला, दिवसाच्या उजेडाचा की टंगस्टनचा (पिवळसर दिव्यांचा) हेही ठरून गेलं. त्यामुळे एक सवय हाडीमाशी खिळली. कुठलंही बटण दाबायच्या आधी विचारायचं, हे नंतर बदलता येईल का? आजचा मेन्यू वाचतानाही मी हाच प्रश्न विचारते, आणि खालची बहुतेक उत्तरं त्याच प्रश्नातून आली आहेत.

प्रश्न: सेकंडहँड कॅमेरा घेतला आहे. मेन्यू उघडला की गोंधळ उडतो. एका व्हिडिओत एक सांगतात, दुसऱ्यात दुसरंच. सुरुवात कुठून करू?
(एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

मेन्यूची पानं ओळीने वाचत बसू नकोस. वहीत दोन रकाने कर. डावीकडे जे रेकॉर्डिंगमध्ये कायमचं उतरतं ते, उजवीकडे ज्याची क्लिपमध्ये फक्त नोंद राहते ते.

डावीकडे येतं फोकस, लेन्सचं अ‍ॅपर्चर, शटर, फ्रेम रेट, सेन्सरचा (चित्र टिपणाऱ्या चिपचा) किती भाग वापरला ते, आणि आवाज. शिवाय चित्रातला जो भाग जळून निव्वळ पांढरा झाला तो. यातलं काहीही चुकलं तर एडिटिंग टेबलावर कुणी ते परत आणून देऊ शकत नाही. उजवीकडे येतं व्हाइट बॅलन्स, टिंट, चित्र फिकट दिसतं की भडक ते, आणि एका मर्यादेत आयएसओचा आकडासुद्धा.

मात्र उजवा रकाना उजवीकडे राहतो तो तू ब्लॅकमॅजिक रॉमध्ये (सेन्सरने टिपलेलं जवळपास तसंच साठवणाऱ्या प्रकारात) शूट करत असशील तरच. प्रोरेस, म्हणजे तयार व्हिडिओचा प्रकार, निवडलंस तर त्यातलं जवळपास सगळं चित्रात मुरतं. मग ते ओढूनताणून थोडंफार सुधारता येतं, उलटं फिरवता येत नाही. म्हणून पहिला निर्णय कोडेकचा, म्हणजे चित्र कुठल्या प्रकारात साठवायचं त्याचा.

रॉमध्ये ३:१, ५:१, ८:१, १२:१ असे पर्याय दिसतील. डेटा किती दाबायचा, एवढाच त्याचा अर्थ. पूर्ण ४केमध्ये, २५ फ्रेमवर, ८:१ ला सेकंदाला साधारण ४२ एमबी जातात, म्हणजे तासाला दीडशे जीबीच्या आसपास. १२:१ ला तासाला शंभर जीबीच्या आसपास. शिकताना १२:१ बिनधास्त वापर, मीही मुलाखतींना तेच वापरते. क्यू ने सुरू होणारे पर्याय वेगळ्या तऱ्हेने चालतात. त्यात दर्जा धरून ठेवला जातो आणि फाइल चित्राप्रमाणे लहानमोठी होते. पावसात हलणारी झाडं असतील तर ती फुगते. कार्डावर किती वेळ उरला याचा पक्का हिशोब हवा असेल तर गुणोत्तराचेच पर्याय बरे.

प्रश्न: इथे अमेरिकेत मी ३० फ्रेम आणि १/६० शटरवर गणेशोत्सव, मंडळाची नाटकं असं सगळं शूट करते, कधी त्रास झाला नाही. पुतण्याच्या मुंजीला पुण्याला आले, तोच कॅमेरा, तीच सेटिंग्ज, आणि कार्यालयातल्या प्रत्येक शॉटमध्ये भिंतीवर आडवे काळसर पट्टे सरकताना दिसतात. कॅमेरा बिघडला का?
(एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

कॅमेरा ठणठणीत आहे. वीज बदलली.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तुमच्याकडची ६०. विजेवर चालणारी ट्यूब किंवा साधा एलईडी दर आवर्तनात दोनदा उजळतो आणि मंदावतो. म्हणजे इथे सेकंदाला १०० वेळा, तिथे १२० वेळा. डोळ्याला ते जाणवत नाही, सेन्सरला जाणवतं. शटर जितका वेळ उघडं राहतं तेवढ्यात हे ठोके पूर्ण मावले पाहिजेत. न्यू जर्सीत १/६० सेकंदात बरोबर दोन ठोके बसतात. पुण्यात त्याच १/६० मध्ये एक पूर्ण आणि दुसऱ्याचा दोन तृतीयांश. सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो, त्यामुळे एका ओळीच्या वाट्याला जास्त उजेड येतो, दुसरीच्या कमी. तुमचे पट्टे ते हेच.

भारतात शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. हा कॅमेरा शटर अंशांतही दाखवतो, आणि गोंधळ तिथेच होतो. अंश आले कुठून, तर शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात बाबूराव पेंटर स्वतः कॅमेरा घडवत होते त्या काळातल्या, हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यांमधून. फिल्मसमोर एक चकती फिरायची. तिचा अर्धा भाग कापलेला असेल तर १८० अंश, म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या वाट्याच्या वेळातला अर्धा वेळ प्रकाश आत. हालचालीचा पुसटपणा डोळ्याला नैसर्गिक वाटतो तो साधारण याच मापात, म्हणून १८० हा आकडा सगळ्यांच्या तोंडी बसला. पण ट्यूबला अंश कळत नाहीत, वेळ कळते. २५ फ्रेमला १८० अंश म्हणजे १/५०, प्रश्न मिटला. २४ ला १८० म्हणजे १/४८, ठोक्यांत किंचित चुकतं. तिथे १७२.८ टाकायचे, की १/५० होतो. ५० फ्रेमला १८० म्हणजे १/१००. आणि तुम्हाला अमेरिकेतल्या फूटेजशी जुळवून घ्यायला ३० फ्रेमच हवे असतील तर शटर २१६ अंश करा, तेही १/५० च होतं. सेटअपमध्ये फ्लिकरसाठी ५० आणि ६० हर्ट्झ असा पर्याय आहे. विमानतळावरून घरी आल्यावर पहिल्यांदा तो बदला. मग शटरला हात लावला की कॅमेरा स्वतःच चालणारे आकडे सुचवतो.

हे इतकं लांबण लावून सांगते आहे, कारण या चुकीची किंमत मी मोजली आहे. भुदरगड भागातल्या एका गावात जात्यावरच्या ओव्यांचं काम करत होतो. कॅमेरा भाड्याचा होता. आधीच्या कुणीतरी त्यावर ३० फ्रेमचं काम केलेलं. मी फ्रेम रेट २४ केला, शटर अंशांत नव्हे तर सेकंदांत होतं आणि ते १/६० वरच राहिलं. मी ते तपासलं नाही. स्वयंपाकघरात जात्याच्या मागे भिंतीवर एकच ट्यूब. आजी पहाटे दळायला बसल्या, खुंट्याला हात लावला आणि चौथ्या-पाचव्या ओवीला त्यांच्या गेलेल्या मुलीचं नाव आलं. हात थांबला नाही, आवाज मात्र थांबला. पीठ पाळूवर पडत राहिलं. दहा-बारा सेकंदांनी त्यांनी ओवी पुरी केली. रात्री लॅपटॉपवर लावलं तर त्यांच्या चेहऱ्यावरून, पदरावरून, भिंतीवरून पट्टे सरकत होते. पट्टे घालवणाऱ्या डी-फ्लिकर सॉफ्टवेअरने ते पुसट झाले, गेले नाहीत, आणि कातडीवरच्या बारीक सुरकुत्या मात्र पुसल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी आजींनी पुन्हा गाऊन दाखवलं. ती ओवी त्यांनी घेतली नाही, आणि ती घ्या असं मीही म्हटलं नाही.

तेव्हापासून माझा नियम आहे. जागेवर पोचले की तिथले सगळे दिवे लावायला सांगते, सगळ्यात कोऱ्या भिंतीकडे कॅमेरा धरते, दहा सेकंद रेकॉर्ड करते आणि सावलीत जाऊन बघते. रंग बदलणाऱ्या सजावटीच्या एलईडींना वरचं गणित लागू पडत नाही, त्यांची लुकलुक विजेच्या ठोक्यावर चालतेच असं नाही. तिथे शटर थोडं थोडं बदलत पट्टा कुठे थांबतो ते बघायचं. मंद केलेला दिवा पूर्ण उजेडावर आणला तरी पुष्कळदा काम होतं.

प्रश्न: दरवर्षी वारीत रिंगण शूट करतो. क्षणात आभाळ, क्षणात ऊन. वारकऱ्यांचे पांढरे कपडे जळू नयेत म्हणून आयएसओ मुद्दाम १०० ठेवतो. तरीही पांढरं जळतंच. काय चुकतंय?
(एक वाचक, फलटण)

तुमचा हेतू बरोबर, दिशा उलटी. यात तुमचा दोष नाही, साध्या कॅमेऱ्यावर शिकलेला प्रत्येक जण इथे अडतो.

या कॅमेऱ्यात दोन मूळ आयएसओ आहेत, ४०० आणि ३२००. आमच्या भाषेत दोन वेगळे रोल एकाच डब्यात. १०० पासून १००० पर्यंतचे सगळे आकडे पहिल्या रोलचे, १२५० पासून पुढचे दुसऱ्याचे. रॉमध्ये १०० ठेवा की १०००, सेन्सर एकच काम करत असतो. आकडा फक्त सांगतो, हे चित्र किती उजळून दाखवायचं.

आता तुमच्या हातून काय होतं ते बघा. १०० केलं की स्क्रीनवर चित्र अंधारं दिसतं. ते बरं दिसावं म्हणून तुम्ही अ‍ॅपर्चर उघडता किंवा एनडी (लेन्सवर लावायची, प्रकाश अडवणारी काळसर काच) काढता. म्हणजे सेन्सरवर जास्त प्रकाश ओतता. सावल्या स्वच्छ येतात, पण पांढऱ्याला वर जागाच उरत नाही. उलट ८०० केलं तर स्क्रीन भगभगीत दिसते, तुम्ही प्रकाश अडवता, आणि उपरण्याच्या चुण्या, टोपीच्या शिवणी शाबूत राहतात. १०० आणि ८०० मध्ये तीन स्टॉपचा फरक आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). तेवढी जागा तुम्ही दर रिंगणात स्वतःच्या हाताने घालवत होता. ८०० वर सावल्यांत थोडे दाणे येतील. मला चालतात. उपरण्याच्या जागी पांढरा कागद चिकटवल्यासारखा दिसला तर ते मला चालत नाही.

त्यासाठी एनडी मात्र चांगला जाड लागेल. कडक ऊन, आयएसओ ८००, शटर १/५०, लेन्स ५.६ वर, तर सात स्टॉप अडवायला हवेत. याच मालिकेतल्या ६के प्रो कॅमेऱ्यामध्ये एनडी आतच बसवलेले आहेत, तुमच्या ४केला लेन्सवर लावावे लागतात. ढगांमुळे उजेड वरखाली होतो तिथे फिरवायचा एनडी सोयीचा, पण तो शेवटपर्यंत पिळू नका, फ्रेमवर फुलीसारखी काळी सावली येते. शिवाय तो कातडीवरची चकाकी कमीजास्त करतो. घोडा फेरीत तुमच्यासमोरून वळतो तेव्हा त्याच्या पाठीवरची तकाकी हेच त्या शॉटचं सौंदर्य. तेवढ्यासाठी मी साधा एनडी लावते आणि उजेड बदलला की अ‍ॅपर्चर फिरवते.

झेब्रा (जळू पाहणाऱ्या भागावर रेघा दाखवणारी सोय) १०० वर ठेवा आणि उपरण्यांवर रेघा दिसू लागल्या की थांबा. चेहऱ्यासाठी फॉल्स कलर (उजेडाप्रमाणे चित्राला खोटे रंग देणारी सोय) लावून बघा. हिरवा म्हणजे मधला करडा, गुलाबी म्हणजे त्याच्या एक स्टॉप वर, लाल म्हणजे जळालं. आपल्याकडच्या उन्हात रापलेल्या चेहऱ्याचा उजेडाकडचा गाल हिरव्याच्या आसपास असला की मला पुरतं. टोपीखालचं कपाळ अंधारात जातं, ते नंतर उचलता येतं. जळालेली टोपी खाली आणता येत नाही.

प्रश्न: वकिलावर शॉर्टफिल्म केली. कोर्टाच्या खोलीत त्याचा कोट काळा दिसतो, बाहेर आवारात दुपारी तोच कोट तपकिरी-तांबूस दिसतो. व्हाइट बॅलन्स बदलून पाहिला, चेहरा निळा पडतो, कोट तसाच.
(एक वाचक, लातूर)

बाहेर तुम्ही जाड एनडी लावला होता ना? साधा एनडी डोळ्याला दिसणारा प्रकाश अडवतो, इन्फ्रारेड मात्र बराचसा आत सोडतो. सेन्सरला तोही थोडा टिपता येतो. सहा-सात स्टॉप अडवले की उरलेल्या प्रकाशात त्याचा वाटा वाढतो, आणि पॉलिस्टरचा काळा कोट तो प्रकाश भरपूर परत फेकतो. शेजारी सुती काळं कापड असेल तर ते वेगळं दिसेल, म्हणून एका फटक्यात रंग दुरुस्त होत नाही. कोट मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग वेगळा निवडून, त्याचा रंग काढून टाकणं एवढंच आता हातात आहे, शॉटमागून शॉट. पुढच्या वेळी इन्फ्रारेड अडवणारा एनडी घ्या. बॅग, छत्री, कोट असं काही काळं फ्रेममध्ये येणार असेल तर आधी एनडी लावून आणि काढून एकेक क्लिप घ्या.

प्रश्न: गावच्या जत्रेत रात्रभर चालणारा दशावतार संपूर्ण रेकॉर्ड करायचा आहे. देवळासमोरच्या मांडवात एका बाजूला हॅलोजन, दुसऱ्या बाजूला पांढरे एलईडी. ऑटो व्हाइट बॅलन्स ठेवू का?
(एक वाचक, कुडाळ)

ऑटो नको. पात्र एका दिव्याकडून दुसऱ्याकडे गेलं की रंग तरंगत राहील आणि जोडताना तुमचा जीव जाईल. हॅलोजन ३२०० केल्व्हिनच्या (दिव्याच्या रंगाचं माप) आसपास, पांढरे एलईडी ५६०० च्या वर. मी मधला एक आकडा घेते, ४३०० म्हणा, आणि पहाटेपर्यंत त्याला हात लावत नाही. रॉ असल्यामुळे तो नंतर बदलता येईलच.

पण एक गोष्ट बदलता येणार नाही. एकाच चेहऱ्याचा अर्धा भाग पिवळा आणि अर्धा निळसर पडला असेल तर कुठल्याही आकड्याने दोन्ही सुधारत नाहीत. म्हणून संध्याकाळी लवकर जा. मांडववाल्या दादांशी बोला, आणि समोरून पडणारे निदान दोन मुख्य दिवे एकाच जातीचे करून घ्या. दशावतारी कलावंत आपला चेहरा स्वतः रंगवतात, पेटीसमोर आरसा धरून तासभर बसतात. तो रंग जसा आहे तसा दिसावा एवढी खटपट आपण करायलाच हवी. वाटल्यास बाकीचे एलईडी मागे, देवळाच्या भिंतीकडे वळवा. निळसर रात्र तिथे शोभून दिसते.

आयएसओ सरळ ३२०० घ्या. उजेड बरा असेल तर १६०० किंवा १२५०, पण १००० नको. १००० म्हणजे पहिल्या रोलचं शेवटचं टोक, सावल्यांत दाणे असतात. १२५० ला दुसरा रोल सुरू होतो आणि आकडा मोठा असूनही काळोख जास्त स्वच्छ येतो. आडदशावतारात (मुख्य नाटकाआधीच्या भागात) संकासुर येतो तेव्हा त्याचा काळा पोशाख मागच्या काळोखात विरघळतो, तिथे हा फरक उघड दिसेल. मात्र १२५० वर पांढऱ्याला वर जागा कमी असते. मुकुटाच्या चमकीवर नजर ठेवा.

नाटक सात तास चाललं तर १२:१ ने सातशे जीबी. यूएसबी-सी वर एक टीबीची एसएसडी लावा, आणि तिची केबल कॅमेऱ्याला घट्ट बांधा. कॅमेऱ्यातली बॅटरी तासाभराची सोबतीण, म्हणून थेट विजेवर चालवा आणि त्या सॉकेटवर दुसरं कुणी मोबाइल लावणार नाही एवढं सांगून ठेवा. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. त्या रात्री पात्रं जे बोलतील ते त्या रात्रीचंच. मध्ये कॅमेरा बंद पडला तर तेवढे संवाद कुठूनही मिळणार नाहीत.

प्रश्न: लग्नात अक्षतांचा स्लो मोशन घेतला. त्यानंतर मंगलाष्टकांचा आवाज ओठांशी जुळत नाही. फ्रेम रेट तर परत २५ केला होता.
(एक वाचक, बार्शी)

आकडा परत केलात, ऑफ स्पीड (स्लो मोशनसाठी सेन्सरचे फ्रेम वेगळे ठेवायचा पर्याय) बंद केलं नाहीत. ते चालू असेल तर प्रोजेक्टचे फ्रेम आणि सेन्सरचे फ्रेम सारखे असले तरी आवाज चित्राला बांधलेला राहत नाही. अक्षता पडून झाल्या की ऑफ स्पीड बंद करायचं, आकडा बघत बसायचं नाही. आत्ताचा आवाज एडिटिंगमध्ये हाताने सरकवून जुळवा. दर कडव्याला तुकडा करून जुळवलंत तर लवकर होईल.

प्रश्न: जागा वाचवायला रॉमध्ये एचडी निवडलं, तर लेन्स एकदम झूम झाल्यासारखी वाटते.
(एक वाचक, नाशिक)

रॉमध्ये सेन्सरचे ठिपके जसेच्या तसे साठवले जातात, चित्र आकसून लहान केलं जात नाही. एचडी म्हटलं की कॅमेरा सेन्सरचा फक्त मधला भाग घेतो, म्हणून दृश्य दुपटीहून थोडं अधिक जवळ येतं. पूर्ण ४केमध्ये १२:१ वर शूट करा आणि एडिटिंगमध्ये एचडी काढा. कापलेल्या कडा मागाहून मिळत नाहीत. एचडीच हवं असेल तर प्रोरेसमध्ये पूर्ण सेन्सर वापरून मिळतं.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, वय ७१. मुलाने हा कॅमेरा इथे ठेवला आहे. सौ.च्या हातचे उकडीचे मोदक, डाळिंब्यांची उसळ, असं सगळं नातवंडांसाठी नीट रेकॉर्ड करून ठेवायचं आहे. मला मोजकंच सांगा.
(एक वाचक, रत्नागिरी)

गुरुजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मोजकंच सांगते.

ब्लॅकमॅजिक रॉ, १२:१. फ्रेम २५, शटर १८०. आयएसओ ४००. व्हाइट बॅलन्स ५६००. हे एकदा लावा आणि कॅमेऱ्यात प्रीसेट म्हणून जपून ठेवा, म्हणजे कुणी हात लावला तरी परत आणता येईल.

सकाळी नऊ-दहाला शूट करा. स्वयंपाकघरातली ट्यूब बंद करा आणि काकूंना खिडकीशी बसवा, उजेड समोरून नव्हे, बाजूने येऊ द्या. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरी चादर दोरीवर टाकलीत की चेहऱ्याची दुसरी बाजू उजळेल. खिडकी स्वतः फ्रेममध्ये घेऊ नका. चित्र अंधारं वाटलं तर आधी अ‍ॅपर्चर उघडा, तरी पुरलं नाही तर आयएसओ १२५० करा.

मोदकाला सगळा जीव फोकसवर ठेवा. उकडीची पारी पांढरी, बोटं ओली आणि हालती, कळ्या इतक्या बारीक की फोकस बोटभर मागेपुढे झाला तरी त्या दिसेनाशा होतात. स्क्रीनवर दोनदा टिचकी मारली की चित्र मोठं होतं, तिथे अंगठ्याच्या टोकावर फोकस लावा. कॅमेरा स्टँडवर ठेवा, आणि काकूंना हात एकाच जागी धरायला सांगा. त्या पारी फिरवतात, हात फिरवत नाहीत, त्यामुळे हे त्यांना सहज जमेल. झाकण उघडताना लेन्स मोदकपात्राच्या वर नेऊ नका, वाफ काचेवर बसते. हातभर लांबून घ्या, मागे खिडकीचा उजेड तिरका असू द्या, वाफ आपोआप दिसेल.

आवाजासाठी छोटा मायक्रोफोन काकूंच्या पदराला लावा. पातळी अशी ठेवा की त्या नेहमीसारख्या बोलल्या तर पट्टी उणे १२ च्या आसपास नाचेल. आवाज फाटला तर तोही परत नीट होत नाही, आणि उसळीच्या फोडणीला नेमकं तेच घडतं. म्हणून आधी नुसत्या तेलात चिमूटभर मोहरी टाकून घ्या, ती तडतडताना पट्टी लाल होते का बघा, होत असेल तर पातळी थोडी खाली आणा. मग कढई पुसून नवं तेल घाला आणि रेकॉर्डचं बटण दाबा.